दुसरी पेटी

आबांच्या गॅरेजात वनखात्याची जीप आली की मी आधी आत डोकावून दांडे मोजायचो. तीन दांडे. एक लांब, गिअरचा. त्याच्या शेजारी दोन आखूड. पाटणच्या रस्त्यावर वडापच्या गाड्या दिवसभर धावायच्या, पण त्यांना एकच दांडा असायचा, म्हणून तीन दांड्यांची जीप मला सरकारी माणसासारखी मोठी वाटायची. डावीकडचा आखूड दांडा पुढची चाकं जोडतो, उजवीकडचा ‘लो’ टाकतो, असं आबांनी शिकवलं होतं. आणि पुढची चाकं जोडल्याशिवाय लो पडत नाही, हेही. ते मला फार आवडायचं. आत कुणीतरी एक लहानशी अडवण बसवली होती आणि ती ड्रायव्हरला चूक करू देत नव्हती.

कुंभार्ली घाटातून चढून आलेली गाडी गॅरेजात शिरली की आबा बॉनेट उघडायच्या आधी वाकून वास घ्यायचे. क्लच जळाल्याचा वास त्यांना दहा पावलांवरून कळायचा. ‘अर्धा क्लच दाबून चढवली हो यानं,’ एवढंच बोलायचे आणि पाना हातात घ्यायचे.

आज मी कॅलिफोर्नियात, फ्रेझ्नोच्या जवळ राहतो. सव्वीस वर्षं लेथ आणि मिलिंगवर काम केलं. माझ्याकडे १९८५ची टोयोटा पिकअप आहे आणि गेल्या हिवाळ्यात तिच्यात मी दुसरी ट्रान्स्फर केस बसवली. आबा ट्रान्स्फर केसला ‘मागची पेटी’ म्हणत, म्हणून माझ्यासाठी ही दुसरी पेटी. एका गाडीत दोन पेट्या कशाला, हा प्रश्न मला इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात सहा-सात जणांनी विचारला. प्रत्येक वेळी घाईत काहीतरी सांगितलं. इथे नीट सांगतो, कारण या पेटीमागे शंभर वर्षांवरची कारागिरी आहे आणि ती बहुतेक लहान गावांत, लहान दुकानांत झाली आहे.

सुरुवात विस्कॉन्सिनमधल्या क्लिंटनव्हिल गावात. ऑटो झाखो आणि विल्यम बेसरडिक या दोघांनी १९०८च्या सुमारास चारही चाकांना जोर देणारी मोटार तिथे बांधली. इंजिनाची ताकद मागे जाते ती वाटेत थांबवायची, दोन वाटा करायच्या, एक पुढच्या आसाला आणि एक मागच्या आसाला. त्या फाट्यावरची पेटी म्हणजे ट्रान्स्फर केस. पुढे त्याच पेटीत दात्यांची आणखी एक जोडी बसवून वेग कमी आणि जोर जास्त करायची सोय झाली. तोच आबांचा ‘लो’.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस जीपमध्ये स्पायसर कंपनीची मॉडेल १८ ही पेटी होती आणि तिचा लो १.९७ला एक होता. गिअरबॉक्सचा पहिला गिअर, पेटीचा लो आणि आसातल्या क्राउन-पिनियनचं प्रमाण या तिघांचा गुणाकार केला की चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे किती फेरे पडतात ते कळतं. लढाईतल्या जीपला तो आकडा २६च्या आसपास येतो. युद्ध संपलं आणि विलीसनं १९४५मध्ये तीच गाडी शेतकऱ्यासाठी काढली, तेव्हा मात्र बदल केले. नांगर ओढायचा तर सावकाश चालायला हवं. पहिला गिअर २.८०, पेटीचा लो वाढवून जवळपास २.४६ आणि आसात ५.३८. गुणाकार साधारण ३७.

महिंद्रांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत सुट्या भागांतून ज्या विलीस जोडायला घेतल्या, त्या याच शेतकरी जीपच्या घराण्यातल्या. आमच्या गॅरेजात येणाऱ्या तीन दांड्यांच्या जीपचं मूळ तिथलं.

आता टोयोटाकडे. कोरियाच्या युद्धकाळात जपानमध्ये जीपसारख्या गाडीची मागणी आली आणि टोयोटानं १९५१मध्ये बीजे नावाची गाडी केली. तिला लो नव्हताच. मोठं ३.४ लिटरचं इंजिन आणि ट्रकच्या गिअरबॉक्सचा फार खालचा पहिला गिअर, एवढ्यावर त्यांनी भागवलं. कंपनीचे चालक इचिरो ताइरा यांनी ती फुजी पर्वताच्या सहाव्या थांब्यापर्यंत चढवली. जीप हे नाव दुसऱ्याचं असल्यानं १९५४मध्ये तिचं नाव लँड क्रूझर झालं. दुसरी पेटी आज सगळ्यात जास्त बसते ती टोयोटातच, म्हणून त्या घराण्याच्या पहिल्या गाडीला लो नव्हता ही गोष्ट मी कुणालाही आवर्जून सांगतो.

अमेरिकेत टोयोटाची फोर व्हील पिकअप १९७९मध्ये आली. पुढे अख्खा, सलग आस आणि पाट्यांची स्प्रिंग, बैलगाडीइतका साधा हिशेब. १९८५पर्यंत तसंच राहिलं. १९८६पासून पुढची चाकं वेगवेगळी झुलायला लागली, रस्त्यावर गाडी मऊ झाली आणि दगडात जाणाऱ्यांनी जुन्या गाड्या शोधायला सुरुवात केली. माझी त्या शेवटच्या वर्षातली. पहिला गिअर ३.९५, पेटीचा लो २.२८, क्राउन-पिनियन ४.१०. मी पहिल्यांदा कागदावर हा गुणाकार केला तेव्हा थबकलो. उत्तर आलं ३७. शेतकरी जीपनंतर चाळीस वर्षांनी, दुसऱ्या देशात, दुसऱ्या कंपनीत, इंजिन वेगळं, गिअरबॉक्स वेगळा, आणि आकडा तोच. कारखान्यांना ३७ पुरेसा वाटत होता.

दगडात तो पुरत नाही. कॅलिफोर्नियात जॉर्जटाउनपासून लेक टाहोकडे जाणारी रुबिकॉन ट्रेल नावाची वाट आहे, साधारण ३५ किलोमीटरची. १९५३च्या ऑगस्टमध्ये मार्क स्मिथ आणि त्यांच्या सोबत्यांनी ५५ जीप आणि १५५ माणसं तिथून नेली. तेव्हापासून ती वाट म्हणजे या छंदाची पंढरी. ग्रॅनाइटचे हत्तीएवढे धोंडे आहेत. ३७च्या हिशेबात माझं इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर, म्हणजे नुसतं गुणगुणत असताना, गाडी ताशी तीन किलोमीटरनं चालते. सपाटीवर हे सावकाश वाटेल. पण चाक धोंड्याच्या टोकावर अंगठ्याएवढ्या जागेत टेकवायचं असतं तेव्हा तीन किलोमीटर म्हणजे धावणं. मग माणूस क्लच अर्धा दाबतो. आबा वाकून वास घ्यायचे तो गुन्हा नेमका हाच. उतारावरही तेच. ब्रेक दाबला की चाकं जागच्या जागी धरली जातात आणि गाडी ग्रॅनाइटवरून घसरते. इंजिनानंच तिला मागे ओढून धरायला हवं.

आधी एक पेटी आहे, तिच्यापुढे आणखी एक घातली तर? कल्पना नवी नाही. जुन्या अमेरिकन मालट्रकांत मुख्य गिअरबॉक्सच्या मागे ब्राउन-लाइप कंपनीचा जादा गिअरबॉक्स असायचा. ड्रायव्हर त्याला लाडानं ‘ब्राउनी’ म्हणत आणि दोन्ही हातांनी दोन दांडे ओढत. शेव्हर्ले-फोर्डवाल्यांनी एनपी २०३ या पेटीचा फक्त वेग उतरवणारा पुढचा भाग काढून तो एनपी २०५ या बिडाच्या पेटीपुढे जोडला. टोयोटाच्या पेटीची रचना तर या कामासाठी देवानं दिल्यासारखी आहे. तिचे दोन भाग होतात. पुढच्या भागात हाय-लोचे दाते, मागच्या भागात पुढच्या चाकांचा फाटा. कारखान्यानं ते बनवण्याच्या सोयीसाठी केलं असणार. पण त्यामुळे भंगारातल्या दुसऱ्या पेटीचा पुढचा भाग सुटा करता येतो आणि तो आपल्या पेटीच्या पुढे बसवता येतो. मध्ये हवी एक अचूक कापलेली पाटी आणि दोन शाफ्ट जोडणारा तुकडा.

ती पाटी आणि तो तुकडा फ्रेझ्नोच्या मार्लिन क्रॉलर या दुकानानं १९९०च्या दशकात संच करून विकायला आणला. त्यांचे ग्राहक आठवड्याचा पगार मोजून गाडी हाकणारे लोक होते. भंगारवाड्यातून एक पेटी उचलायची, संच घ्यायचा, शनिवार-रविवार घरामागे काम करायचं. श्रीमंत माणसाच्या छंदात ही गोष्ट जन्मलीच नसती असं मला प्रामाणिकपणे वाटतं. नवी गाडी घेणाऱ्याला तिचा पोटभाग उघडायचं धाडस होत नाही.

माझं काम चार शनिवार चाललं. भंगारवाड्यात गेलो तेव्हा आधी पेटीत बोट घालून खाचा मोजल्या. साध्या चार सिलिंडरच्या गाडीच्या पेटीला आत जाणाऱ्या शाफ्टसाठी २१ खाचा असतात, टर्बो आणि व्ही-सिक्सच्या पेटीला २३. न मोजता घरी आणली तर शाफ्ट आतच जात नाही. मला २१ची मिळाली, आत तेल काळं पण दाते शाबूत.

मग गाडीखाली. तेल सोडलं, दोन्ही प्रॉपेलर शाफ्ट उतरवले, गिअरबॉक्सला जॅकचा टेकू दिला, चासीची आडवी पट्टी काढली आणि जुनी पेटी छातीवर घेतली. वजन असं की श्वास धरावा लागतो. भंगारातली पेटी उघडून पुढचा भाग वेगळा केला, बेरिंगं नवी, ऑईल सील नवी. जोडपाटीच्या दोन्ही बाजू चकचकीत पुसल्या, सीलंटची बारीक धार ओढली, बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीनं आवळले. एक सील मी तिरकी ठोकली होती. दोन दिवसांनी जमिनीवर तेलाचा रुपयाएवढा डाग दिसला. सगळं पुन्हा उतरवलं. सील बसवताना घाई केली तर ती घाई तेल होऊन बाहेर येते, हे आबांकडे शंभरदा पाहिलं होतं.

दुसऱ्या पेटीमुळे सगळं मागे साधारण सहा-साडेसहा इंच सरकलं. म्हणजे मागचा शाफ्ट तेवढा आखूड करून घ्यायचा, पुढचा लांब करायचा, आणि दोन्ही फिरवून समतोल तपासायचे, नाहीतर हमरस्त्यावर गाडी थरथरते. आडवी पट्टी नवी केली, कारण जुनीची भोकं आणि नवा टेकू जुळत नाहीत. शेवटी गाडीच्या तळाला आणखी एक दांडा बाहेर येईल एवढं छिद्र कापलं. तळाचा पत्रा कापताना हात जड झाला. एकोणीसशे पंच्याऐंशीपासून शाबूत होता तो.

स्पीडोमीटरला काही करावं लागलं नाही. त्याची केबल मागच्या पेटीच्या शेवटच्या टोकावरून निघते, पुढे काहीही घातलं तरी तो खरंच बोलतो.

आता हिशेब. २.२८ गुणिले २.२८ म्हणजे ५.२, आणि गाडीचा आकडा ३७वरून ८४. तेच ८०० फेरे, पण वेग ताशी दीड किलोमीटरच्याही आत. ज्यांना याहून खाली जायचं असतं ते एका पेटीत ४.७चे दाते बसवतात. मग आसावर येणारा जोर इतका वाढतो की पुढच्या आसातले बर्फील्ड सांधे बांगडीसारखे फुटतात, आणि लोक ते सुटे बरोबर घेऊन फिरतात. मला तितकं नको. माझ्या मते दोन साधे २.२८ हीच सगळ्यात शहाणी जोडी, कारण मध्ये पायरी राहते. दोन्ही हाय, एक लो, दोन्ही लो. जीप कंपनीनं २००३मध्ये रँग्लरची रुबिकॉन आवृत्ती काढली आणि तिला कारखान्यातूनच ४ला एकची पेटी दिली. घरामागच्या माणसांनी जे मागितलं होतं ते कारखान्यानं तेव्हा ऐकलं. तरी त्या गाडीत एकच उडी आहे, ४ किंवा काही नाही. चिखलात ४ फार होतो.

आणि आबांच्या जीपमधली ती अडवण इथे उरत नाही. पुढच्या पेटीत लो टाकायचा, मागची टू व्हीलवर ठेवायची. पुढची चाकं मोकळी आणि तरी गाडी मुंगीच्या पावलानं चालते. झाडांच्या मधून अरुंद वळण घेताना पुढची चाकं जोडलेली असली तर स्टिअरिंग हाताशी भांडतं. असं केलं की भांडत नाही.

जूनमध्ये बर्फ वितळल्यावर डोंगरात गेलो, ग्रॅनाइटच्या एका पायरीवर दोन्ही लो टाकले आणि दोन्ही पाय पेडलवरून उचलले. मुलीनं फोनवर त्याचं चित्रण केलं आणि पाटणला पाठवलं. आबा आता ब्याऐंशीचे आहेत, ऐकायला थोडं कमी येतं, म्हणून त्यांनी ते दोनदा पाहिलं असं आईनं सांगितलं. मग फोन आला.

‘दांडे किती झाले रे?’

‘तीन, आबा.’

थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, ‘क्लचचा वास आला का?’

‘नाही आला.’

‘बरं,’ म्हणाले, आणि फोन आईकडे दिला.