ताटातली आणि रानातली स्पॅनिश

स्पॅनिश शिकण्यासाठी ग्वातेमालातील आंतिग्वा किंवा पेरूतील कुस्को येथे जाणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याची परीक्षा वर्गाबाहेरच आधी सुरू होते. ज्या कुटुंबात त्याची राहण्याची सोय असते तेथे आंतिग्वात मक्याची तोर्तिया आणि काळा घेवडा समोर येतो. कुस्कोत सणावाराला अख्खा भाजलेला ‘कुय’, म्हणजे आपण गिनीपिग म्हणून ओळखतो तो प्राणी. अशा गोष्टी प्रवासवर्णनांत बहुधा गमतीपुरत्या येतात. आम्हांस मात्र त्यांच्यामागे भाषेचा एक इतिहास दिसतो. जी भाषा शिकायला हा विद्यार्थी आला, तीच पाचशे वर्षांपूर्वी या भूमीवर रानापुढे आणि ताटापुढे शब्दांवाचून उभी होती.

१४९२ साली नेब्रिखाचे स्पॅनिश व्याकरण प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी कोलंबस कॅरिबियन बेटांवर पोहोचला. विजेत्यांनी प्रथम घरचीच नावे वापरली. जॅग्वारला त्यांनी वाघ म्हटले, प्यूमाला सिंह, आणि अननसाला ‘पिन्या’, म्हणजे पाइन वृक्षाचे शंकूसारखे फळ. ओव्हिएदो या इतिहासकाराने १५२६ च्या ग्रंथातच शंका घेतली: प्राचीनांनी वर्णिलेला वाघ अतिशय चपळ, मग हा मंद प्राणी वाघ कसा? पेरूत दीर्घकाळ राहिलेल्या होसे दे आकोस्ता या जेसुइट पाद्र्याने १५९० मध्ये अधिक स्पष्टपणे सांगितले, की थोड्याशा साम्यावरून दिलेली ही स्पेनची नावे मुळात निराळ्याच फळांना चिकटली आहेत.

अखेर उसनवारीला पर्याय उरला नाही. ताइनो भाषेतून मका (‘माईस’), इग्वाना आणि बताता आले. नाहुआत्लमधून टोमॅटो आणि अव्होकाडो (‘आग्वाकाते’). केचुआतून प्यूमा, काँडोर, कुय आणि ‘पापा’, म्हणजे बटाटा. म्हणूनच मेक्सिकोत ‘आग्वाकाते’ शिकलेल्याला पेरूच्या बाजारात त्याच फळासाठी ‘पाल्ता’ हा शब्द शिकावा लागतो, आणि कोवळ्या कणसाचे ‘एलोते’ तेथे ‘चोक्लो’ होते. पहिल्याच धड्यात नाव विचारताना भेटणारे ‘यामा’ हे क्रियारूप लॅटिनमधून आले. अँडीजच्या उतारावर चरणारा यामा केचुआतून. उच्चार एक, पण कुळे दोन.

तथापि या देवघेवीला समान व्यवहार म्हणता येणार नाही. मोलिनाचा नाहुआत्ल शब्दकोश (१५५५) आणि सांतो तोमासचे केचुआ व्याकरण (१५६०) ही पाद्र्यांच्या अभ्यासाची मोठी फळे खरी. पण तो अभ्यास धर्मांतरासाठी होता. सक्तीचे श्रम, हिंसा आणि रोगराई यांनी ताइनो समाज काही दशकांतच उद्ध्वस्त झाला. त्यांचे शब्द मात्र जगभरच्या स्वयंपाकघरांत राहिले. १७७० मध्ये स्पेनच्या राजाने स्थानिक भाषा नाहीशा कराव्यात असे फर्मान काढले. केचुआला पेरूत राजभाषेचा दर्जा मिळण्यास १९७५ साल उजाडले. फर्मान निघाले तेव्हाही फर्मान काढणाऱ्यांच्या भाषेत तिचे शब्द रुळलेले होते.

उलट दिशेचे जुळवून घेणेही पाहण्याजोगे आहे. कुस्कोच्या कॅथेड्रलमध्ये मार्कोस सापाता याने अठराव्या शतकात रंगवलेले ख्रिस्ताचे अखेरचे भोजन आहे. त्यातील ताटात कुय आहे असे सामान्यतः मानले जाते. परका धर्म स्वीकारताना त्याच्या पवित्र पंगतीत घरचे अन्न वाढण्याचा हा प्रकार आम्हांस कोणत्याही भाष्यापेक्षा अधिक बोलका वाटतो.

मराठीही या इतिहासाबाहेर नाही. ताइनोंचा ‘बताता’ म्हणजे रताळे. पोर्तुगिजांमार्फत तो शब्द आपल्याकडे आला तो मात्र अँडीजमधल्या ‘पापा’चे नाव होऊन. उपासाच्या ताटात बटाटा आणि रताळे शेजारी वाढताना आपण एका नष्टप्राय समाजाचा शब्द उच्चारत असतो, याची जाणीव क्वचितच असते.

म्हणून स्पॅनिश साहित्य मराठीत आणू पाहणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही एवढेच सुचवू: मूळ संहितेत ‘पाल्ता’ आला की शब्दकोशातला सोयीचा प्रतिशब्द लिहून पुढे जाऊ नये. तो शब्द कोणाच्या शेतातून आला, हे आधी विचारावे.