औषधांचे शहर आणि वृद्धांचा विमा

बडोदे हे औषधांचे शहर आहे. 1907 साली प्राध्यापक गज्जर आणि त्यांचे शिष्य कोटिभास्कर व भाईलालभाई अमीन यांनी अलेम्बिकची स्थापना केली. 1943 साली साराभाई केमिकल्सही येथेच आली. औषध गावातच तयार होऊ लागले. परंतु येथील वृद्धाने ते कोणाच्या खर्चाने घ्यावे, हा प्रश्न मात्र निराळा.

त्याचे पहिले उत्तर 1948 च्या कामगार राज्य विमा कायद्याने दिले. त्यात विमेदार कामगाराला दवाखान्यातूनच औषध मिळे. 1954 साली दिल्लीत सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेतही औषधे आहेत, आणि निवृत्तांनाही तिचा लाभ घेता येतो. पण पेढीवरच्या गुमास्त्याने किंवा किरकोळ दुकानदाराने म्हातारपणी कोणाकडे पाहावे?

त्याच्यासाठी 1986 साली राष्ट्रीयीकृत विमा कंपन्यांनी मेडिक्लेम आणले. नावावरून औषधांचा भास होतो खरा. पण ही विमापत्रे बेतलेली होती रुग्णालयातील मुक्कामावर. दाखल असतानाची औषधे त्यात येतात, आणि साधारणपणे दाखल होण्यापूर्वीच्या 30 व घरी आल्यानंतरच्या 60 दिवसांतली, तीही त्याच आजाराची. रक्तदाबाची रोजची गोळी मात्र बाहेर राहिली. विमा अनिश्चित संकटाचा असतो; रोजची गोळी हा निश्चित खर्च, असा कंपन्यांचा युक्तिवाद. तो सर्वस्वी खोटा नाही. परंतु हीच गोळी परवडेनाशी होऊन बंद पडली, की पक्षाघाताचा धोका वाढतो, आणि मग रुग्णालयाचे मोठे बिल त्याच कंपनीच्या दारी येते! अमेरिकेसारख्या धनाढ्य देशानेही 1965 साली वृद्धांसाठी मेडिकेअर काढताना घरी घ्यावयाची औषधे वगळली होती. ती समाविष्ट करणारा कायदा 2003 साली झाला आणि 2006 पासून अमलात आला.

आपल्याकडे 29 ऑक्टोबर 2024 पासून सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, आयुष्मान भारत योजनेचे दार उघडले. वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतच्या या संरक्षणाचे मोल मोठे आहे. तथापि तेही रुग्णालयातील उपचारांचेच. घरी परतल्यावर 15 दिवसांपर्यंतची औषधे त्यात धरतात. सोळाव्या दिवसाची गोळी पदरच्या पैशाने.

तिच्यासाठी 2008 साली सुरू झालेली जनऔषधी दुकाने उपयोगी पडतात. तेथे तेच औषध मूळ नावाने पुष्कळ स्वस्त मिळते. विमापत्र घेणाऱ्याने मात्र दाखल न होता घेतलेली औषधे त्यात आहेत काय, असल्यास वर्षाकाठी किती रुपयांपर्यंत, आणि बिलातला किती हिस्सा आपण सोसावयाचा, हे सहीपूर्वीच विचारावे. डॉक्टरांची चिठ्ठी व दुकानाची पावती एकत्र टाचून ठेवावी. मागणी करताना दोन्ही लागतात.