लोणारचा खार

लोणार या नावाची संगती लवणासुराच्या कथेशी लावतात. विष्णूने दैत्यसूदन होऊन त्यास मारिले, असे स्थलमाहात्म्य सांगते. नावात लवण असले, तरी या सरोवराची जुनी ख्याती खाराची होती. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलाने ‘आईन-ए-अकबरी’त येथे काच व साबण यांस लागणारी द्रव्ये मिळतात, असे लिहून ठेविले आहे. साबण काही मिठाने होत नाही!

या खाराचे मूळ भोवतालच्या काळ्या पाषाणात आहे. हे विवर उल्कापाताचे, हे १९७३ मध्ये सप्रमाण मांडले गेले. पण खार आकाशातून आलेला नाही. पावसाच्या पाण्यातील कार्बनिक आम्लाने बेसाल्ट झिजतो व त्यातील सोडियम पाण्यात उतरते. चुना आधीच तळाशी बसतो. पाण्यास बाहेर वाट नाही. ते आटले की सोडियम कार्बोनेट व त्याच्या जोडीस साधे मीठ उरते.

काठावरचा हा खार गोळा करणारे ‘दल्ला’ निराळा आणि ‘निमक-दल्ला’ निराळा मानीत. रसायनशास्त्राचे पुस्तक न उघडता केलेली ही प्रतवारी आम्हांस लवणासुराच्या कथेहून अधिक मोलाची वाटते. विवराच्या उत्पत्तीवर पुष्कळ लिहिले गेले. या शब्दांवर मात्र फारच थोडे.