घशाचं दुखणं, हृदयावर घाव

१९०७ साली प्रा. गज्जर, कोटीभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांनी वडोदऱ्यात अलेंबिक काढली. १९६१ मध्ये तिथे पेनिसिलिन बनू लागलं. ही नोंद आपण उद्योगाच्या इतिहासात करतो; ती हृदयरोगाच्या इतिहासातही हवी.

मुलांचा घसा दुखतो, दोन-तीन आठवड्यांनी ताप येऊन सांधे सुजतात. हा रुमॅटिक ताप. सांधे बरे होतात, पण जंतूंशी लढायला उठलेली शरीराची फौज हृदयाच्या झडपांवरच चालून जाते. अनेकींना ते कळतं थेट बाळंतपणात, धाप लागल्यावर. खराब झडप पेनिसिलिनने सुधारत नाही. पण दर तीन-चार आठवड्यांनी सुई घेतली, तर ताप सहसा उलटत नाही.

तुमच्या घरात वर्षानुवर्षं ही सुई घेतलेलं कोणी असेल, तर त्यांच्या आठवणी जरूर लिहून ठेवा.