दिमाख आणि दुरुस्ती

मुंबईत शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली. टॅक्सीसाठी असलेली वीस वर्षांची मुदत संपल्यामुळे 30 ऑक्टोबर 2023 पासून ती महानगराच्या रस्त्यांवरून नाहीशी झाली. वृत्तपत्रांनी तिला मोठा भावपूर्ण निरोप दिला. मराठवाड्यात मात्र 'काळी-पिवळी' म्हटले की पद्मिनी आठवत नाही. इकडे त्या नावाने ओळखली जाते ती प्रवाशांनी खचाखच भरलेली जीप. एकाच नावाखाली दोन प्रदेशांत दोन निरनिराळी वाहने का रूढ व्हावीत, या साध्या प्रश्नात मोटारींच्या उदयास्ताचा बराचसा इतिहास दडलेला आहे.

हा इतिहास सहसा मुंबई-दिल्लीच्या दालनांतून लिहिला जातो. आम्हांला तो नांदेड आणि लातूरच्या गॅरेजमधून वाचून पाहावयाचा आहे. गाडी विकली जाते एका दिवसात. ती सांभाळावी लागते पंधरा-वीस वर्षे. ज्या कंपन्यांनी पहिल्या दिवसाचाच हिशेब मांडला, त्यांचे काय झाले ते पाहू.

या दोन जिल्ह्यांचा मोटारीशी पहिला परिचय निजामी राजवटीत झाला. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी मागविलेली रोल्स-रॉइस 'सिल्व्हर घोस्ट' 1912 मध्ये तयार झाली, तोवर त्यांचे निधन झाले होते. पिवळ्या रंगाची, मागे सिंहासनासारखी बैठक असलेली ती मोटार समारंभापुरतीच बाहेर पडत असे. पुढे 1932 मध्ये त्याच राज्याने आपल्या रेल्वे खात्याची शाखा म्हणून 27 बसगाड्यांनिशी प्रवासी वाहतूक सुरू केली. त्या ताफ्यातील अल्बियन बनावटीची गाडी स्कॉटलंडमधील ग्लासगोची होती. सिंहासनाची मोटार आणि प्रजेची बस, दोन्ही एकाच दरबाराच्या. त्या दोन नावांचे पुढे काय झाले? अल्बियन कंपनी 1951 मध्ये लेलँडने घेतली आणि 1972 मध्ये ते नाव गाड्यांवरून पुसले गेले. रोल्स-रॉइस कंपनी विमानाच्या एका इंजिनापायी 1971 मध्ये दिवाळखोरीत निघाली. तिचा मोटारीचा व्यवसाय वेगळा काढून विकण्यात आला, आणि 2003 पासून बीएमडब्ल्यू या जर्मन घराण्याच्या छत्राखाली ते नाव चालू आहे. आलिशान मोटार स्वतःच्या विक्रीवर क्वचितच जगते. तिला एक श्रीमंत पालक लागतो. पालकाचे मन बदलले की तिचे दिवस भरतात.

महाराष्ट्रात मोटार घडविण्याचे स्वप्न पाहिले ते सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी. त्यांचा जन्म 1882 चा. बार्शी लाइट रेल्वेच्या मार्गाचे काम हे त्यांचे अगदी आरंभीचे कंत्राट, आणि हाच चिमुकला रेल्वेमार्ग 1911 मध्ये लातूरला येऊन पोहोचला. लातूरच्या पेठेला बाहेरचे जग जोडून देणाऱ्या मार्गावर ज्यांचा हात फिरला, त्यांनीच पुढे जहाजे, विमाने आणि मोटारी या तिन्ही उद्योगांत पाय रोवले. प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी 1944 मध्ये स्थापन झाली. कुर्ल्याच्या कारखान्यातून 1947 पासून अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी झालेल्या करारानुसार डॉज, डिसोटो, प्लिमथ या नावांची वाहने जोडून बाहेर पडू लागली. यांपैकी डिसोटोची कथा बोलकी आहे. क्रायस्लरच्या घरात डॉज तिच्या खालच्या पायरीवर होती आणि खुद्द क्रायस्लर वरच्या. खालच्या बहिणीने किंमत वाढविली, वरचीने उतरविली, मधली चेंगरली. नोव्हेंबर 1960 मध्ये ते नाव बंद झाले. एकाच छपराखाली फार भावंडे झाली की एकाच्या ताटात काही पडत नाही, हे मोटारींच्या इतिहासात वारंवार घडले आहे.

प्रीमियरने मात्र वेळीच इटलीच्या फियाटचा हात धरला. 1954 मध्ये फियाट 1100 आली. तीच पुढे 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि मग चितोडच्या राणीच्या नावाने 'प्रीमियर पद्मिनी' झाली. परवान्यांच्या त्या काळात मोटार हवी तर पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. स्पर्धा जवळपास नव्हतीच. पद्मिनीच्या दीर्घायुष्याचे हे एक कारण झाले, आणि टीकाकार तेवढेच सांगतात. आम्हांला दुसरे कारण अधिक महत्त्वाचे वाटते. 1089 सीसीचे चार सिलिंडरचे साधे पेट्रोल इंजिन, एक कार्ब्युरेटर, स्टिअरिंगच्या दांड्याला लावलेला गिअर. झाकण उघडले की प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो. दहा-बारा पाने, एक हातोडी आणि उस्तादाजवळ काढलेली चार वर्षे, एवढ्या भांडवलावर तालुक्याचा मिस्त्री ती दुरुस्त करू शके. सुटा भाग मिळाला नाही तर लेथवर करून घेई. अंबॅसडरचेही तसेच. नांदेडने आणि लातूरने महाराष्ट्राला प्रत्येकी दोन मुख्यमंत्री दिले. शंकरराव चव्हाण आणि शिवाजीराव पाटील निलंगेकर यांच्या काळात मंत्र्याच्या आगमनाची वर्दी देणारी गाडी म्हणजे पांढरी अंबॅसडर. ती वाटेत रुसली तरी गावोगावी तिचा वैद्य होता.

सुबत्तेची चाहूल लागताच या वैद्याला वगळून गाड्या बनू लागल्या. 1984 मध्ये हिंदुस्थान मोटर्सने इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलच्या साच्यावरून 'कॉन्टेसा' काढली. तिचे अंग लांबरुंद आणि देखणे, परंतु आरंभी आत बसविले होते ते अंबॅसडरचे जुने इंजिन. पुढे इसुझूचे इंजिन आल्यावर ती खरी चालू लागली. 1985 मध्ये मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने रोव्हरचा राजबिंडा साचा आणून 'स्टँडर्ड 2000' बाजारात आणली, आणि तिच्या पोटातही तसेच जुनाट इंजिन घातले. किंमत श्रीमंती, पेट्रोलची भूक दांडगी आणि धाव बेताची. तीनच वर्षांत ती संपली. कंपनीही फार काळ तगली नाही. प्रीमियरची '118 एनई' त्याच वर्षीची. तिच्यात निस्सानचे नवे इंजिन होते, म्हणून ती त्या मानाने बरी निघाली. याच सुमारास, डिसेंबर 1983 मध्ये, मारुती 800 रस्त्यावर आली होती. आकाराने लहान, पेट्रोलला काटकसरी, आणि पाठीशी गावोगावी पसरत जाणारी सेवाकेंद्रे. आलिशान सेडानचा पराभव दुसऱ्या आलिशान सेडानने केला नाही, तो या चिमण्या गाडीने केला.

1991 नंतर परदेशी कंपन्यांना दारे खुली झाली. आता जगातील उत्तम गाड्या येणार, अशी सर्वांची समजूत होती. आल्या त्या बऱ्याचशा तिकडे उतरलेल्या. प्रीमियरच्या कल्याणच्या कारखान्यात प्यूजो 309 बनू लागली, तेव्हा युरोपात तिचे उत्पादन थांबलेले होते. देवूची 'सिएलो' 1995 मध्ये मोठ्या जाहिरातींनिशी आली. तिचा सांगाडा 1984 च्या ओपेल कॅडेटचा. पुण्याजवळ पिंपरीला टेल्कोच्या आवारात मर्सिडीझ बनू लागली ती त्याच वर्षी, आणि तेव्हाच परदेशात त्या मॉडेलची जागा नव्याने घेतली होती. मोठ्या घरचे जुने कपडे गरीब नातेवाइकाकडे पाठवावेत, तसा हा प्रकार. परंतु हा नातेवाईक वृत्तपत्र वाचणारा निघाला. प्यूजोचा संसार कामगारांचे तंटे आणि भागीदारांचे मतभेद यांत दोन-तीन वर्षांतच मोडला. देवूचे कोरियातील मूळ घराणेच कर्जाच्या डोंगराखाली गाडले गेले. मर्सिडीझने मात्र धीर धरला, मॉडेल बदलले, आणि 2009 मध्ये चाकणला स्वतःचा कारखाना उभारला. श्रीमंत पालक असला की चुका पचतात, त्या अशा.

या साऱ्या उलथापालथीत आपल्या दोन जिल्ह्यांत काय चालले होते? येथील जमीन काळी. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर घातलेला रस्ता तिच्याबरोबर लाटांसारखा वरखाली होतो. सेडानचे पोट जमिनीलगत आणि दोन चाकांमधील अंतर लांब. गतिरोधकावर तिचे पोट घासते आणि दगड लागला की इंजिनाखालचे ऑइलचे चेंबर फुटते. जीपच्या कमानपाट्यांना या रस्त्यांचे काही वाटत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर पावसाच्या चिखलातून मदतीचे सामान वाहिले ते जीपने, ट्रकने आणि ट्रॅक्टरने. पुढच्याच वर्षी टाटांची 'सुमो' आली. आठ-दहा माणसे, धान्याचे पोते आणि आजारी म्हातारी एकाच खेपेत नेणारी ही गाडी मराठवाड्याने हां हां म्हणता आपलीशी केली. 2000 मध्ये बोलेरो आणि 2002 मध्ये स्कॉर्पिओ तिच्या पाठोपाठ आल्या. हळूहळू प्रतिष्ठेचे मापही बदलले. पूर्वी साहेब मागच्या आसनावर टेकून बसे, त्यात मान होता. आता गाडी किती उंच, यात मान आला. तुळजापूरहून औसा, लातूर, अहमदपूर, लोहा करीत नांदेडकडे जाणारा रस्ता पुढे राष्ट्रीय महामार्ग झाला. रस्ते सुधारले, परंतु तोवर मन उंच गाडीवर बसले होते.

आणि तरीही सेडानचे वैभव मराठवाड्याला अनोळखी नव्हते. छत्रपती संभाजीनगर (तेव्हाचे औरंगाबाद) येथील शेंद्रा वसाहतीत चेक देशाच्या स्कोडाने कारखाना काढला आणि 2001 मध्ये तेथून 'ऑक्टेव्हिया' बाहेर पडली. ऑक्टोबर 2010 मध्ये तर त्या शहरातील मंडळींनी एकत्र येऊन एकाच वेळी 150 मर्सिडीझ मोटारी खरेदी केल्या. व्यवहार सुमारे 65 कोटी रुपयांचा. मागास म्हणून हिणविलेल्या प्रदेशाने जगाला दिलेले ते उत्तर, असे त्याचे कौतुक झाले. त्याच वर्षी पत्रकार पी. साईनाथ यांनी विचारले की, शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरपेक्षा आलिशान मोटारीला स्वस्त व्याजाने कर्ज कसे मिळते? प्रश्न बिनतोड होता.

अशा गाडीचा खरा खर्च मुदतीचे हमीपत्र संपल्यानंतर सुरू होतो. तिच्या यंत्रातील दोष संगणकाला जोडल्यावाचून कळत नाही. तो संगणक आणि त्याची किल्ली कंपनीच्या मोठ्या शहरातील कार्यशाळेत. नांदेडहून संभाजीनगर अडीचशे किलोमीटरांहून दूर आहे. एक दिवा, एक टायर, एक शॉकअप यांच्या किमतीत गरिबाची दुचाकी यावी. म्हणून पहिला धनी चार-पाच वर्षांत गाडी काढून टाकतो. पुण्या-मुंबईत आणि हैदराबादेत उतरत्या भावाने विकलेली अशी गाडी मग जिल्ह्याच्या गावी एखाद्या तरुणाच्या दारात येते. खरेदी स्वस्त, पालनपोषण मात्र मूळच्याच भावाचे. बुरूज बांधावयास निघालेल्या माणसाने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, हा दाखला आपण मिस्सात ऐकलेला असतो. जुन्या आलिशान गाडीच्या बाबतीत तो हिशेब विकणारा कधीच करून देत नाही. अशी गाडी फिरून विकली जात नाही, ही गोष्ट गावात पसरते, आणि नव्या गाडीचा पुढचा गिऱ्हाईक तेथेच गळतो. कंपनीचा अंत मुख्यालयात जाहीर होतो. त्याची सुरुवात अशा अंगणांत झालेली असते.

मदर तेरेसांना हा हिशेब आमच्यापेक्षा चांगला कळत असावा. 1964 च्या डिसेंबरात आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषदेसाठी पोप पॉल सहावे मुंबईत आले होते. येथे वापरलेली पांढरी लिंकन मोटार जाताना त्यांनी मदरना दिली. मदरनी ती वापरली नाही. त्यांनी तिची सोडत काढली, आणि आलेल्या पैशांतून शांतिनगरच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीला हातभार लावला. लिंकनची कॉन्टिनेंटल सेडान 2020 मध्ये कायमची बंद झाली. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी तर 2013 मध्ये एका वृद्ध धर्मगुरूने दिलेली, सुमारे तीन लाख किलोमीटर धावलेली रेनॉ 4 आनंदाने स्वीकारली. ती बनणे बंद होऊन तेव्हा वीसएक वर्षे झाली होती, तरी ती चालत होती.

सरकारी करांनीही सेडानची वाट अधिक अवघड केली, हे नमूद केले पाहिजे. 2006 च्या अर्थसंकल्पात चार मीटरांहून आखूड आणि लहान इंजिनाच्या गाड्यांवरील उत्पादन शुल्क 24 वरून 16 टक्क्यांवर आले. लगेच कंपन्यांनी सेडानची शेपटी छाटावयास घेतली. आखूड डिकीच्या त्या गाड्या डोळ्यांना विद्रूप दिसतात, परंतु खपल्या. लांब सेडानवर कराचा भार कायम राहिला. 22 सप्टेंबर 2025 पासून लहान गाड्यांवर 18 टक्के आणि मोठ्या गाड्यांवर 40 टक्के वस्तू व सेवा कर आहे. दरम्यान एकेक नाव गळत गेले. कॉन्टेसा 2002 मध्ये, ओपेल 2006 मध्ये, अंबॅसडर 2014 मध्ये. शेवरोलेने 2017 अखेर भारतातील विक्री थांबविली, होंडा सिव्हिक 2020 मध्ये बंद झाली, आणि शेंद्र्याची ती नावाजलेली ऑक्टेव्हिया 2023 मध्ये प्रदूषणाचे नवे नियम लागू होताना यादीतून गेली.

जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना 2008 मध्ये सुरू झाला होता. डिसेंबर 2020 मध्ये तेथील उत्पादन थांबले. कामगारांनी न्यायालयाचे दार ठोठावले. 2023 मध्ये ह्युंदाईने तो कारखाना घेण्याचा करार केला, जागेला नवा धनी मिळाला. यंत्रांना आणि भिंतींना असा धनी मिळू शकतो. पस्तिशी-चाळिशीतील जोडारी, घरासाठी कर्ज काढून बसलेला, त्याला तो तितक्या सहज मिळत नाही.

आता विजेवर चालणाऱ्या मोटारी आल्या आहेत. त्यांना कार्ब्युरेटर नाही, चेंबर नाही, पाने घेऊन उघडावे असे फारसे काही नाही. उदगीरच्या किंवा देगलूरच्या मिस्त्रीचा मुलगा त्यांची बॅटरी उघडावयास कोठे शिकणार, याचे उत्तर नव्या गाडीच्या दालनात कोणी विचारत नाही. आमच्या धर्मग्रामातील जी कुटुंबे या दिवाळीला किंवा नाताळला नवी गाडी घेऊ पाहत आहेत, त्यांनी किमतीच्या आधी तेवढे विचारून घ्यावे.