अहमदाबादची मुनिया आणि बागेतलं पक्षीघर

आजचा विषय वरवर नुसत्या छंदाचा वाटेल. घराच्या बागेत जाळीचं मोठं घर बांधायचं, त्यात फिंच जातीचे चिमुकले पक्षी सोडायचे आणि खुर्ची टाकून बघत बसायचं. पण या जाळीमागे दोन हजार वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यात आपल्या मुनियेचंही एक प्रकरण आहे.

सुरुवात रोमपासून करू. वारो या लेखकाने इ.स.पू. ३७ च्या सुमारास शेतीवर ग्रंथ लिहिला. त्यात धनाढ्य लुकुलसची हकीकत येते. या गृहस्थाने पक्षीघर आणि भोजनगृह एकाच छपराखाली बांधलं. म्हणजे ताटात शिजवलेले पक्षी आणि खिडकीशी फडफडणारे जिवंत पक्षी! बेत फसला, कारण वास. डोळ्यांना सुख झालं, पण नाकाला सोसवेना. वारोने स्वतः मात्र गाणाऱ्या पक्ष्यांसाठी निराळं घर बांधलं होतं. त्यात खांबांच्या रांगांवर वाखाचं जाळं ताणलेलं होतं.

हा थाट श्रीमंतांचाच राहिला. तो मध्यमवर्गाच्या आवाक्यात यायला मदत केली ती यंत्राने. १८४४ मध्ये इंग्लंडमधल्या नॉर्विचच्या चार्ल्स बर्नार्डने तारेची जाळी विणणारं यंत्र तयार केलं. नॉर्विच हे विणकरांचं गाव, आणि कल्पना कापडाच्या मागावरूनच सुचलेली. तारेची जाळी यंत्रावर निघू लागली आणि बागेत पक्षीघर उभारणं सोपं झालं.

आता त्या जाळीत कोण राहणार? इथे आपण येतो. लाल मुनियेचं शास्त्रीय नाव आहे ‘अमांडावा अमांडावा’. हा शब्द म्हणजे अहमदाबादचा अपभ्रंश! त्या शहरातून हे पक्षी युरोपात जात. १७५८ मध्ये लिनियसने नाव दिलं तेव्हा व्यापाराचा पत्ताच पक्ष्याला चिकटला. विणीच्या काळात नर लालभडक होतो, अंगावर पांढरे ठिपके. हे रूपच त्याच्या मुळावर आलं.

सगळीकडे मात्र पकडूनच चाललं असं नाही. सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी जपानमध्ये पांढऱ्या पाठीची मुनिया पिंजऱ्यातच वाढवून एक पाळीव जात तयार झाली. इंग्रजीत तिला ‘बेंगालीज फिंच’ म्हणतात, बंगालशी काही संबंध नसताना. पुढे १९६० मध्ये ऑस्ट्रेलियाने आपल्या देशी पक्ष्यांची निर्यात थांबवली. मग रंगीबेरंगी गोल्डियन फिंच हवा असेल तर घरीच पैदास करणं भाग पडलं. तेव्हा त्याची अंडी उबवायला, पिल्लं भरवायला हीच बेंगालीज दाई म्हणून कामाला आली.

पैदास करायची तर पक्ष्याला काय लागतं हे समजून घ्यावं लागतं. फिंच आडवा उडतो, म्हणून घर उंच असण्यापेक्षा लांब हवं. एक भाग उघडा, एक छपराखाली. जाळी साधारण १२ मिलिमीटरची, आणि तळाला जमिनीत गाडलेली, नाहीतर उंदीर आलाच. दारं दोन, एकामागे एक, म्हणजे आपण आत शिरताना पक्षी निसटत नाही. सकाळचं ऊन, दुपारची सावली, राळा-बाजरी, आणि घरट्यासाठी सुकं गवत. इतकं केलं की त्यांची लगबग पाहण्यात सकाळ कशी जाते कळत नाही.

पण मंडळी, आपल्याकडे एक रेघ ओढलेली आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आणि १९९०-९१ पासूनच्या व्यापारबंदीमुळे देशी मुनिया पकडणं, विकणं, पाळणं गुन्हा आहे. तरीही चोरून विक्री होते. कधी साध्या मुनियेला रंग फासून विकतात. झेब्रा फिंच किंवा बेंगालीजची गोष्ट वेगळी. ते पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेले आहेत. म्हणून पक्षी घेताना किंमत विचारण्याआधी तो जन्मला कुठे, हे विचारू या. उत्तर मिळालं नाही, तर रिकाम्या हाताने परतू या.

आणि लाल मुनिया पाहायचीच असेल, तर पावसाळ्यात पाणथळ जागेजवळच्या उंच गवताकडे जाऊ. तिथे ती अजून दिसते.