कल्कीला अजून अवकाश आहे

२०२४च्या दिवाळीत आमच्या घरी एक वाद उपस्थित झाला आणि तो मिटवण्यासाठी मला थेट ऐहोळच्या शिलालेखापर्यंत जावे लागले. वादाचे मूळ एका बोलपटात होते. ‘कल्की २८९८ ए. डी.’ हा नाग अश्विन यांचा तेलुगू चित्रपट त्या वर्षी २७ जूनला पडद्यावर आला. आम्ही तो तालुक्याच्या गावी जाऊन पाहिला. पुढे सहामाही परीक्षेचा बोजा उतरल्यावर आमच्या आठवीतल्या कन्येने तो घरी पुन्हा लावला, आणि पाहता पाहता मला विचारले, “बाबा, २८९८च का? तीन हजार का नाही?”

मी पेशाने मास्तर. मुलाने प्रश्न विचारला की उत्तर येत नसले तरी ते येत असल्यासारखा चेहरा करण्याची मला सवय आहे. “पाहू,” म्हणालो आणि पंचांग काढले.

ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. काशी हे पृथ्वीवरचे अखेरचे शहर उरले आहे. गंगा आटली आहे. शहराच्या डोक्यावर उलटा टांगलेला एक अवाढव्य मनोरा आहे. जगातले पाणी, हिरवाई, अन्न सगळे त्याने शोषून घेतले आहे. तिथला दोनशे वर्षांचा सत्ताधीश यास्किन (कमल हासन) गर्भवतींच्या गर्भातून आपले आयुष्य वाढवणारा रस काढीत असतो. देवाचे नाव घेण्याला बंदी आहे. अशा त्या कारखान्यातून एक गर्भवती (दीपिका पदुकोण) निसटते. तिला नाव नाही, क्रमांक आहे. सुमती हे नाव तिला पुढे मिळते. कल्किपुराणात कल्कीच्या आईचे नाव तेच आहे. आणि तिच्या गर्भाचे रक्षण करायला उभा राहतो तो अश्वत्थामा (अमिताभ बच्चन).

आता सनाचा हिशेब. परंपरेने कलियुगाचा आरंभ इसवी सनापूर्वी ३१०२ या वर्षी मानला आहे. आपल्या पंचांगात शकाच्या अंकात ३१७९ मिळवले की गतकलीची वर्षे निघतात. त्या दिवाळीत शके १९४६ चालू होता, म्हणजे कलीची ५१२५ वर्षे सरली होती. इसवी सन २८९८ म्हणजे शके २८२०. त्यात ३१७९ मिळवा. ५९९९! म्हणजे चित्रपटाच्या वर्षी कलीचे सहा हजारावे वर्ष चालू असणार. कन्येने वहीवर बेरीज दोनदा करून पाहिली आणि मग कुठे माझ्यावर विश्वास ठेवला.

या आकड्याला चांगले जुने साक्षीदार आहेत. आर्यभटाने आपले वय सांगताना म्हटले आहे की, कलीची साठ गुणिले साठ, म्हणजे ३६०० वर्षे झाली तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. ते साल इसवी सन ४९९. दुसरा साक्षीदार ऐहोळचा. तिथल्या मेगुती मंदिराच्या भिंतीवर रविकीर्ती नावाच्या जैन कवीने दुसऱ्या पुलकेशीची प्रशस्ती कोरवली आहे. नव्व्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा उल्लेख आहे तोच हा लेख, म्हणून तो आपल्या जिव्हाळ्याचा. कवीने त्यात कालिदास आणि भारवी यांच्या पंक्तीला आपले पान मांडून घेतले आहे. कवींचा हा स्वभाव आजचा नव्हे! त्याने काळ नोंदवला आहे तो असा: भारतीय युद्धापासून ३७३५ वर्षे, शके ५५६. वजाबाकी करा, तेच ३१७९ येतात.

हा आकडा युद्ध पाहिलेल्या माणसांनी लिहून ठेवला असे मात्र समजू नये. सगळे ग्रह आकाशात एका ठिकाणी कधी आले असतील याचे गणित ज्योतिषांनी उलटे मांडले आणि त्यातून तो निघाला, असे आजचे बहुतेक अभ्यासक मानतात. १९५०–५२मध्ये हस्तिनापूरला उत्खनन झाले. तिथे करड्या रंगाची चित्रित खापरे वापरणाऱ्या ज्या वस्तीचा संबंध बी. बी. लाल यांनी महाभारताशी जोडला, ती फार तर इसवी सनापूर्वी हजार-अकराशे वर्षांची. हे ऐकून आमची मंडळी जरा हिरमुसली.

त्याहून मोठी अडचण पुढेच आहे. पुराणांच्या हिशेबाने कलियुग ४,३२,००० वर्षांचे आहे आणि कल्की त्याच्या शेवटाला यायचा. एक चरणच १,०८,००० वर्षांचा. घरोघर पूजेचा संकल्प सोडताना गुरुजी आपल्याला रोज सांगतात की आपण कलीच्या पहिल्या चरणात आहोत. सहा हजारावे वर्ष म्हणजे नाटकाची नांदी. नाग अश्विन यांनी नायकाला सव्वाचार लाख वर्षे आधीच विंगेतून बाहेर ढकलले आहे.

पण अशी घाई करणारे ते पहिले नव्हेत, आणि मला ही गोष्ट चित्रपटापेक्षाही रंजक वाटली. तिबेटी बौद्धांच्या कालचक्र परंपरेत शंभल हे गुप्त राज्य आहे आणि तिथल्या राजांना कल्कीच म्हणतात. पंचविसावा कल्की सैन्य घेऊन बाहेर पडेल ते साल त्यांनी सांगून ठेवले आहे, इसवी सन २४२४. म्हणजे चित्रपटाच्याही पावणेपाचशे वर्षे आधी. जैनांकडे तर सगळा खेळच उलटा. त्यांचा कल्की हा तारणहार नव्हे, जुलमी राजा आहे. ‘तिलोयपण्णत्ती’त त्याची कथा आहे. कर घेता घेता त्याची हाव इतकी वाढते की, निःसंग मुनींच्या ओंजळीत पडणाऱ्या भिक्षेचा पहिला घासही तो कर म्हणून मागतो. कर-खात्याची इतकी कडक निंदा मी दुसरीकडे वाचलेली नाही.

आपल्या का. बा. पाठकांनी हा जैनांचा कल्की म्हणजे हूण राजा मिहिरकुल असे मत मांडले होते. उलट काशीप्रसाद जयस्वालांनी १९१७मध्ये लिहिले की, पुराणांतला तारणहार कल्की म्हणजे मिहिरकुलाला नमवणारा माळव्याचा यशोधर्मा. त्याचे जयस्तंभ मंदसोरजवळ सोंदणीला आहेत. मंदसोरच्याच एका लेखात ५३२ हे साल मिळते, आणि त्यात त्याचे दुसरे नाव विष्णुवर्धन असे आहे. कल्कीच्या घराण्यातले नाव विष्णुयश! जयस्वालांना मोह पडला असल्यास नवल नाही. ही दोन्ही मते आज कोणी उराशी धरीत नाही. पण मला एवढे दिसते की, मुलूख लुटला गेला, कर वाढला, विहिरी आटल्या की लोकांनी कल्कीला जवळ ओढले आहे. भागवताच्या बाराव्या स्कंधात कलीची जी लक्षणे आहेत तीही पाहा. पैसा असेल तो कुलीन ठरेल. दुष्काळ आणि कर यांनी पिडलेली माणसे डोंगरात पळून पाने आणि मुळे खातील. हे लिहिणाऱ्याने चार लाख वर्षांनंतरचे काही पाहिले नव्हते. आपल्या गावचेच पाहिले असणार.

पुराण आणि यंत्र यांची गाठ घालण्याचे काम तर आपल्या मराठी माणसानेच सुरू केले. दादासाहेब फाळक्यांनी १९१७मध्ये ‘लंकादहन’ केले ते कॅमेऱ्याच्या करामतींवर. १९२१मध्ये कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी ‘सुरेखाहरण’ काढले, त्यात कृष्ण झाले होते तरुण शांताराम. तीच कथा तेलुगूत १९५७मध्ये ‘मायाबझार’ म्हणून आली; तिच्या दिग्दर्शकाच्या हाताखाली शिकलेले सिंगीतम श्रीनिवास राव हे या ‘कल्की’चे मार्गदर्शक. धागा असा सलग आहे.

यंत्रे, मोटारी, हाणामाऱ्या यांनी मला फारसे हलवले नाही. प्रभासची बोलकी मोटार मुलांना आवडते, आवडो. मला थांबवले ते अश्वत्थाम्याने. सौप्तिकपर्वात त्याने झोपलेली पोरे मारली आणि शेवटी उत्तरेच्या गर्भावर अस्त्र सोडले. कृष्णाने त्या गर्भाला जिवंत केले आणि याला शाप दिला. चित्रपटाने जोडलेली गोष्ट एवढीच की, ज्याने गर्भ मारला त्यालाच सहा हजार वर्षांनी गर्भ राखायला उभे केले. शिक्षेला शेवट आहे, आणि तो शेवट एक काम आहे. हे मला चांगले वाटले.

आणि पुन्हा हिशेब! व्यासांनी शापाची मुदत तीन हजार वर्षे सांगितली आहे. ऐहोळच्या गणिताने ती इसवी सनापूर्वी शंभराच्या सुमारास संपली. कृष्णाने सोडले, पण लोकांनी काही त्याला सोडले नाही. त्याला चिरंजीव करून, भळभळती जखम घेऊन दारोदार तेल मागायला लावले. नर्मदेच्या परिक्रमेहून आलेला मनुष्य तो आपल्याला दिसल्याचे अजून सांगतो.

माझ्या लहानपणी दिवाळीच्या तोंडावर, कातरवेळी, कपाळाला फडके बांधलेला एक म्हातारा आमच्या दाराशी येऊन तेल मागू लागला. घरात तेल बेताचे होते. आजीने वाटीभर ओतले. मी विचारले, “आजी, त्यानं तर बाळं मारली होती ना?” ती म्हणाली, “मारली असतील. जखम तर दिसतेय ना डोळ्यांना? सरक, दिवे लागणीची वेळ झाली.”

हे आठवायला कारण होते. माझ्या वडिलांची पावणेदोन एकर जमीन एका नातलगाने कागदात फेरफार करून आपल्या नावावर केली. गावातली चार शहाणी माणसे तेव्हा वडिलांना म्हणाली, “कलियुग आहे, चालायचंच.” वडील गप्प बसले. मॅट्रिकपुढचे माझे शिक्षण त्या जमिनीबरोबर गेले. तेव्हापासून ‘कलियुग आहे’ हे वाक्य कोणी बोलले की माझे डोके फिरते, आणि ४,३२,००० हा आकडा मी वर्गात फळ्यावर जरा जास्तच मोठा लिहितो. त्या नातलगाच्या उंबऱ्यावर मी पंचवीस वर्षे गेलो नव्हतो. आता तो अंथरुणाला खिळला आहे; साखरेने पाय चिघळला आहे. पत्नी म्हणत होती की यंदा त्यांच्याकडे फराळ पाठवावा. मी नाही म्हणत होतो. घरातला खरा वाद तो होता. २८९८ हे निमित्त.

लक्ष्मीपूजनाला गुरुजींनी संकल्प सोडला. पहिला चरण हे शब्द येताच कन्या माझ्याकडे पाहून हसली. “बाबा, शापाची मुदत किती होती म्हणालात?” तिने कुजबुजून विचारले.

“तीन हजार.”

“आणि तुमची पंचवीस?”

मी काही बोललो नाही. पाडव्याला सकाळी पत्नीने डबा भरला, करंज्या आणि बिनसाखरेची चकली, आणि तो माझ्या सायकलच्या दांडीला अडकवला. त्या वाडीचा रस्ता आमच्या जुन्या शेतावरून जातो. शेतात ज्वारी उभी होती, चांगली हातभर.